शिशाचे घरगुती जिग रंगवणं आणि तो रंग टिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिग म्हणजे गळावर शिशाचं डोकं ओतलेलं मासेमारीचं आमिष. साच्यात शिसं ओतून ते बनवणं हाताला बसलं की पुढचा प्रश्न रंगाचा येतो. नवा कोरा जिग पेटीत देखणा दिसतो आणि चार-सहा वेळा खडकाला लागला की त्याचे टवके उडायला लागतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, यावर सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ओतकाम तुम्हाला येतं असं धरलं आहे. जिग साच्यातून बाहेर निघाल्यानंतरचं काम एवढाच इथला विषय.

जिगचा रंग इतक्या लवकर का उडतो?

बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, रंगाखाली जे आहे त्याचा असतो. ताजं ओतलेलं शिसं लखलखीत असतं, पण हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि ते करडं पडत जातं. दमट जागी पडून राहिलं तर वर पांढुरकी भुकटीही येते. अशा जिगवर दिलेला रंग शिशाला नव्हे, त्या भुकटीला चिकटतो. भुकटी सुटली की रंगही सुटला. बोटांचं तेल आणि साच्याला दिलेली काजळी यांचंही तेच.

शिसं मऊ असतं, हेही लक्षात घ्यायला हवं. खडकावर आपटलं की त्याला पोचा पडतो. वरचा थर अतिकडक असेल तर तो धातूबरोबर दबू शकत नाही आणि तडकतो. म्हणून सगळ्यात कडक थर म्हणजे सगळ्यात टिकाऊ थर, हा हिशेब शिशावर चुकतो. धातूला घट्ट धरणारा आणि जरासा लवचीक थर हवा. जाडीनेही फायदा होत नाही, जाड थराचे टवके मोठे उडतात इतकंच.

आणि उरलेलं कारण म्हणजे अर्धवट भाजलेला किंवा अर्धवट सुकलेला रंग. तो दिसायला पुरा झालेला असतो, आतून कच्चा असतो. यावर पुढे सविस्तर येईलच.

रंगामुळे मासे खरंच जास्त लागतात का?

कधी लागतात, कधी नाही. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विझतो, त्यामुळे खोलवर लाल जिग काळपट दिसतो. निळा आणि हिरवा जास्त खोलीपर्यंत तग धरतात. गढूळ पाण्यात छटेपेक्षा गडद-फिकट उठाव कामाला येतो. मी तीन-चार रंगांच्या पलीकडे जात नाही. बाकीचे रंग मासे पकडण्यापेक्षा मासेमाराला पकडण्यासाठीच असतात असं माझं मत आहे.

शिसं हाताळताना नेमकी कशाची काळजी घ्यायची?

धड कातडीतून शिसं फारसं आत जात नाही. ते जातं तोंडावाटे आणि श्वासावाटे. म्हणजे खरी भीती हाताला लागलेल्या धुळीची आणि कानस मारताना उडणाऱ्या कणांची. शिशाची कोणतीही पातळी रक्तात सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. गरोदर बाईनेही या कामापासून लांबच राहावं.

त्यामुळे काही सवयी लावून घ्याव्या लागतात. काम करताना खाणं, पिणं, विडी-सिगारेट, तोंडाला हात लावणं बंद. टेबलावर जुना कागद पसरायचा आणि काम संपल्यावर गुंडाळून टाकायचा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, कारण झाडूने धूळ हवेत उठते. सँडपेपर मारायचाच असेल तर पाणी लावून मारायचा. शेवटी हात साबणाने चोळून धुवायचे. सॅनिटायझरने शिसं निघत नाही, ते हातावर नुसतं पसरतं. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांसोबत धुवायला टाकू नका. आणि स्वयंपाकघर हे यातल्या कुठल्याच टप्प्याचं ठिकाण नाही.

ओतल्यानंतर किती वेळात रंगवावं?

जमलं तर त्याच दिवशी. ताज्या शिशावर रंग सगळ्यात चांगला धरतो. लगेच रंगवणं शक्य नसेल तर जिग हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा आणि रंगवण्याआधी पुन्हा साफ करा. महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेले, पांढुरके झालेले जिग साफ करत बसण्यापेक्षा बारीक पितळी ब्रशने ओल्यातच घासा, आणि तरी निघालं नाही तर वितळवून परत ओता. मात्र वितळवण्याआधी ते अगदी कोरडे असल्याची खात्री करा. तापल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं.

साफ कसं करायचं? व्हिनेगरमध्ये बुडवावं का?

आधी ओतताना राहिलेलं देठ कापणी पक्कडीने कापा, कडेला आलेली पातळ पट्टी कानशीने किंवा सुरीने काढा. ही पट्टी राहिली तर तिच्या धारेवर रंग पातळ बसतो आणि पहिला टवका तिथेच उडतो. मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यानंतर डोक्याला बोट लावायचं नाही, जिग गळाच्या वाकणाला धरूनच उचलायचा.

व्हिनेगरचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. त्याने शिशाचा पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो हे खरं, पण त्यातून लेड अ‍ॅसिटेट तयार होतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे पोटात गेलं तर धातूच्या तुकड्यापेक्षा जास्त सहज शोषलं जातं. शिवाय नीट धुतलं गेलं नाही तर रंगाखाली काम चालूच राहतं. पूर्वी सफेदा नावाचा पांढरा रंग बनवायला शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेतच ठेवत असत. रंगाखाली तीच पांढरी भुकटी तुम्हाला नको आहे. साबण आणि अ‍ॅसिटोन एवढ्यावर भागतं.

टिकाऊपणात कोणता रंग सरस?

घरगुती कामासाठी माझं उत्तर पावडर पेंट. ही कोरडी भुकटी असते, तिच्यात पातळ करणारं द्रव्य नसतं. गरम धातूवर ती वितळून पसरते आणि ओव्हनमध्ये भाजली की तिच्यातले रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात. एकदा असं झालं की पुन्हा तापवूनही ती वितळत नाही आणि बहुतेक थिनरांना दाद देत नाही. थर चिवट असतो, शिशाला पोचा पडला तरी बऱ्याचदा फुटत नाही. वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, ही आणखी एक सोय.

पावडरीला ओव्हन लागतो, आणि बारीक नक्षीकाम तिच्यात जमत नाही. खवले, पट्टे, मिसळत जाणाऱ्या छटा हव्या असतील तर एअरब्रश आणि पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा लागतो, आणि त्यावर पारदर्शक एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन. नुसता अ‍ॅक्रिलिक उघड्या शिशावर नीट धरत नाही. म्हणून नक्षीवाले जिग करणारे बरेच जण आधी पांढऱ्या पावडरीचा थर भाजून घेतात, त्यावर अ‍ॅक्रिलिकने नक्षी काढतात आणि वर एपॉक्सी चढवतात. मेहनत तिप्पट, पण दिसायला आणि टिकायला दोन्ही बाजूंनी चांगलं.

व्हिनाइलचे झटपट सुकणारे जिग-रंग सोपे आहेत, एका बैठकीत ढीगभर जिग बुडवून होतात. ते पावडरीइतके टिकत नाहीत आणि जिगला लावायच्या मऊ रबरी शेपट्यांशी त्यांचं वैर आहे. साधा तैलरंग आणि स्प्रेचे डबे शेवटचा पर्याय. प्रायमरशिवाय तर नाहीच.

पावडर पेंट लावायचा कसा?

जिगचा गळ पक्कडीत धरायचा, डोकं हीट गनसमोर (गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र) किंवा स्पिरिटच्या दिव्यावर सगळीकडून सारखं तापवायचं, मग सैल केलेल्या पावडरीत एक-दोन सेकंद फिरवून लगेच बाहेर काढायचं. डब्याच्या तोंडावर पक्कड हलकेच ठोकली की जास्तीची पावडर झडते. आधी पृष्ठभाग दाणेदार दिसेल, मग धातूच्या गरमीने तो वितळून चकचकीत होईल. झालेला जिग तारेवर लटकवायचा. सगळे लटकवून झाले की एकत्र भाजायचे.

पावडर डब्यात दबून बसलेली असेल तर थर जाड आणि गुठळीदार येतो. दर काही जिगांनंतर झाकण लावून डबा हलवा किंवा काडीने ढवळा. ही भुकटी हवेत उडाली तर पेट घेऊ शकते, म्हणून उघडा डबा ज्योतीपासून लांब ठेवा आणि पंखा बंद करा. धुळीचा मास्क हवाच.

डोकं पुरेसं तापलं हे कसं ओळखायचं?

साधारण दीडशे ते पावणेदोनशे अंश सेल्सिअस हा पट्टा बरोबर, पण तिथे कोणी तापमापक लावत नाही, नजरेनेच कळतं. पावडरीतून काढलेल्या जिगवर भुरभुरीत थर तसाच राहिला तर तो थंड होता. परत थोडा तापवा, वितळेल. दोन-चार सेकंदांत चमक आली तर बरोबर. पावडरीत घालताच धूर निघाला, थर जाडजूड झाला आणि खालून थेंब लोंबायला लागला तर जास्त तापलं.

शिशाची एक गंमत इथे माहीत असलेली बरी. तेवढ्याच वजनाच्या लोखंडाच्या तुलनेत शिसं उष्णता फारच कमी साठवतं, साधारण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून छोटं डोकं चटकन तापतं आणि तितक्याच चटकन निवतं. एक-दोन ग्रॅमचे जिग ज्योतीवरून पावडरीत नेईपर्यंत थंड होतात. त्यांच्यासाठी हात झटपट चालवा, पण डबा ज्योतीजवळ आणू नका. मोठ्या डोक्यांचं उलट: ते उष्णता धरून असतात, म्हणून पावडरीत जरा जास्त रेंगाळले की थर नको तेवढा जाड होतो.

फ्लुइड बेड विकत घ्यावा का?

फ्लुइड बेड म्हणजे खालून हवा सोडून पावडर फुगवणारं भांडं. महिन्याला पाच-दहा जिग करत असाल तर गरज नाही. बरेच करत असाल तर फरक पडतो, पण तो घरीही बनतो. प्लास्टिकच्या रुंद नळीचा तुकडा घ्या, बुडाला कॉफी गाळायचा जाडसर कागद ताणून बसवा, त्याखाली बंद कप्पा करा आणि त्यात मत्स्यालयाच्या पंपाची हवा सोडा. कागदातून झिरपणाऱ्या हवेने पावडर फुगते आणि पाण्यासारखी हलते. त्यात बुडवलेल्या जिगवर पातळ, एकसारखा थर येतो. हवा इतकीच ठेवा की पावडर मंद उकळल्यासारखी दिसेल. कारंजी उडत असतील तर हवा कमी करा.

ओव्हनमध्ये किती तापमानाला, किती वेळ?

जिगसाठी मिळणाऱ्या बहुतेक पावडरींना १७५ ते १८० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं लागतात. डब्यावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. वेळ मोजायची ती जिग त्या तापमानाला पोचल्यापासून, दार बंद केल्यापासून नव्हे. जड डोक्यांना आणि भरगच्च ओव्हनला तिथे पोचायला काही मिनिटं जास्त लागतात.

छोट्या ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. बटण १८० म्हणतं तेव्हा आत १५० असू शकतं, २२० सुद्धा. आत ठेवायचा वेगळा तापमापक घ्या. या सगळ्या छंदात इतक्या कमी पैशांत इतका फायदा देणारी दुसरी वस्तू नाही. तापती कांडी जिगच्या अगदी जवळ असेल तर मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल लावा, नाहीतर त्या बाजूचा पांढरा रंग पिवळा पडतो. जिग एकमेकांना आणि जाळीला टेकू देऊ नका. भाजून झाल्यावर ओव्हनमध्येच किंवा तारेवरच निवू द्या.

या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही खाण्याची वस्तू भाजायची नाही. तसं त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि तो ठेवा हवेशीर जागी, घराबाहेरच्या पडवीत किंवा गॅरेजात.

इतक्या उष्णतेत शिसं वितळणार नाही का?

नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे भरपूर अंतर आहे. पण शिशाऐवजी बिनविषारी म्हणून बिस्मथ-कथिलाचं मिश्रण वापरत असाल तर सावध. शुद्ध कथिल २३२ अंशांना आणि शुद्ध बिस्मथ २७१ अंशांना वितळतं, पण ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथिल यांचं मिश्रण अवघ्या १३८ अंशांना वितळतं. ते १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं तर रंगासकट तळाशी थारोळं मिळेल. अशा डोक्यांना पावडर नकोच, हवेत सुकणारा रंग आणि एपॉक्सी वापरा. शुद्ध कथिलाची डोकी १८० अंशांत चालतात, पण भरकटणाऱ्या ओव्हनमध्ये नाही.

भाजल्याने गळ नरम पडतो का?

१८० अंशांत २० मिनिटं ठेवल्याने चांगल्या गळाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ज्योतीत थेट गळ धरल्याने. बारीक तार निळी किंवा लाल झाली की पोलादाचं पाणी उतरलं समजा; असा गळ मोठ्या माशाखाली सरळ होतो. ज्योत फक्त डोक्यावर ठेवा. हीट गनमध्ये हा धोका कमी, म्हणून नवख्याने तीच वापरावी.

गळाचं नेढं रंगाने बुजतं. काय करू?

पावडर वितळलेली पण भाजलेली नसते, तेव्हाच सुईने किंवा दाभणाने नेढं मोकळं करा. त्या वेळी हे सेकंदाचं काम असतं. भाजल्यानंतर तीच पावडर इतकी घट्ट होते की टोकदार जुन्या गळाने किंवा बारीक ड्रिलने खरवडावी लागते, आणि त्यात नेढ्याच्या कडेला चरा पडला तर तंगूस तिथेच तुटतो. नेढ्याभोवती पावडर कमी बसावी म्हणून जिग बुडवताना नेढं वर राहील असं धरा.

गवतात न अडकण्यासाठी पुढे तंतूंचा झुपका बसवायचा असेल तर त्याचं भोक रिकामं राहायला हवं. भाजताना तिथे टेफ्लॉनची काडी खोचून ठेवा. झुपका, केस, पिसं, सिलिकॉनची झालर हे सगळं रंग भाजून झाल्यावरच. नायलॉनचे तंतू ओव्हनमध्ये वाकडे होतात आणि पिसांचं काय होतं ते वास सांगतो.

दोन रंग आणि डोळे कसे काढायचे?

पहिल्या रंगात बुडवल्यावर डोकं गरम असतानाच दुसरी पावडर मऊ ब्रशवर घेऊन वरून टिचकीने झटकायची. पाठ गडद आणि पोट फिकट असा जिग अशा रीतीने सहज होतो. ब्रश डोक्याला टेकवायचा नाही, टेकला की केस चिकटतात. दोन्ही रंग एकदमच भाजायचे.

डोळ्यांसाठी खिळ्याचं माथं आणि टाचणीचं माथं हीच अवजारं. मोठ्या माथ्याने पांढरा किंवा पिवळा ठिपका, तो सुकल्यावर छोट्या माथ्याने काळा. हे ठिपके भाजलेल्या पावडरीवर अ‍ॅक्रिलिक किंवा इनॅमलने काढा आणि त्यावर एपॉक्सीचा एक थेंब सोडा, नाहीतर सगळ्यात आधी डोळेच जातील. चिकटवायचे तयार डोळेही मिळतात. तेही एपॉक्सीखालीच टिकतात.

फ्लोरोसंट आणि अंधारात चमकणारे रंग फिके का दिसतात?

कारण खाली करडं शिसं असतं. दोन्ही प्रकारचे रंग अर्धपारदर्शक असतात, म्हणून खाली पांढरा थर लागतोच. पांढऱ्यावर दिलेला फ्लोरोसंट हिरवा आणि उघड्या शिशावर दिलेला तोच हिरवा शेजारी ठेवलात तर एकाच डब्यातले आहेत यावर विश्वास बसणार नाही. फ्लोरोसंट रंग उन्हात विटतात आणि जास्त भाजले तरी मळकट होतात, त्यामुळे त्यांना सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त भाजू नका आणि जिगची पेटी उन्हात ठेवू नका.

अंधारात चमकणाऱ्यांत दोन जाती आहेत. जुनी झिंक सल्फाइडची, ती काही मिनिटांत मंदावते. नवी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची, ती पुष्कळ जास्त उजळ आणि तासन्‌तास मंद उजेड देणारी. मात्र ही दुसरी पाणी लागलं की हळूहळू खराब होते, म्हणून तिच्यावर पारदर्शक थर बंधनकारक समजा. आणि तो पारदर्शक थर अतिनील किरण अडवणारा नको, नाहीतर टॉर्चने चमक भरायला वेळ लागेल.

माझ्याकडे ओव्हन नाही. ब्रशने टिकाऊ काम होईल का?

होईल, वेळ जास्त लागेल. अ‍ॅसिटोनने पुसलेल्या ताज्या शिशावर धातूसाठीचा प्रायमर द्या, तो पूर्ण सुकू द्या, मग रंगाचे दोन पातळ हात, आणि वर दोन भागांचं पारदर्शक एपॉक्सी. घाई करून एकावर एक थर चढवू नका. विशेषतः कच्च्या इनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर फुगून सुरकुततो, आणि मग सगळं खरवडण्याशिवाय इलाज उरत नाही.

एपॉक्सी पिवळं, चिकट किंवा ओघळलेलं का होतं?

चिकट राहिलं तर मापात चूक. दोन्ही भाग बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणातच घ्यायचे, ते प्रमाण वजनाचं की आकारमानाचं हे बघून. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालणं ही चुकीची समजूत. जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि थर मऊ पडतो. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत मिनिटभर तरी ढवळा.

पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी घेऊ नका. ते लवकर पिवळं पडतं, पाण्यात नरमतं आणि ब्रश फिरवायलाही उसंत देत नाही. अर्ध्या तासाचं घ्या. ओघळ टाळायला जिग गोल फिरत राहायला हवेत. मिनिटाला काही फेरे मारणारी मंद मोटर आणि तिच्यावर फोमची चकती एवढी सोय पुरते. थर घट्ट होईपर्यंत फिरवायचं, मग २४ तास हात लावायचा नाही. पुरती ताकद यायला आणखी काही दिवस जातात.

थंड, दमट दिवशी एपॉक्सीवर मेणचट पडदा येतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन जातो, पण न धुता त्यावर दुसरा थर दिलात तर तो सोलून निघेल.

यूव्ही दिव्याने घट्ट होणारं रेझिन कसं आहे?

झटपट आहे, डोळ्यांवरच्या थेंबासाठी फारच छान. पूर्ण डोक्यावर द्यायचं तर पातळ थरांत द्या आणि चहूबाजूंनी उजेड दाखवा. त्यात रंग मिसळलात तर उजेड आत पोचत नाही आणि खालचा भाग कच्चा राहतो. वरचा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे असतो, अल्कोहोलने पुसला की जातो. काही रेझिनं फार ठिसूळ असतात. शिशावर ती लवकर तडकतात.

नेलपॉलिश चालेल का?

डागडुजीला चालेल. मुख्य रंग म्हणून नाही.

रबरी शेपटीजवळचा रंग विरघळून चिकट झाला. का?

मऊ प्लास्टिकच्या शेपट्यांत त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य असतं. ते बाहेर पाझरतं आणि व्हिनाइल, लॅकर, नेलपॉलिश यांना मऊ करतं. नीट भाजलेल्या पावडरीवर आणि पुरत्या सुकलेल्या एपॉक्सीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पावडर लावूनही असं झालं असेल तर ती कच्ची राहिली होती. तरी पेटीत शेपट्या आणि जिग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

भाजल्यावर बुडबुडे आणि टाचणीएवढी भोकं येतात. का?

थंड साच्यात ओतलेल्या डोक्यावर सुरकुत्या आणि बारीक खळगे राहतात. त्यांतली हवा किंवा ओल तापल्यावर रंगातून बाहेर पडते. साचा नीट तापवून ओता. आधीच ओतलेल्यांसाठी उपाय असा: रंग देण्याआधी रिकामे जिग ओव्हनमध्ये भाजायच्या तापमानाला थोडा वेळ ठेवा, आतलं सगळं निघून जाऊ द्या, मग रंगवा. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पृष्ठभाग आला तर थर जास्त जाड आहे किंवा ओव्हन फार सावकाश तापतो आहे.

रंग पक्का भाजला हे कसं तपासायचं?

प्रत्येक खेपेतला एक जिग बळी द्या. कापूस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून त्याच्यावर वीस-पंचवीस वेळा घासा. चमक थोडी कमी झाली तर ठीक. कापसावर भरपूर रंग आला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर खेप कच्ची आहे. बाकीचे जिग परत ओव्हनमध्ये टाका, नुकसान काही नाही.

मग पात्याने आडव्या-उभ्या रेघा मारून छोटी चौकट करा, वर चिकटपट्टी दाबून एका झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर साफसफाईत कसर राहिली आहे. शेवटी डोक्यावर हातोडीचा हलका ठोका द्या. शिसं दबलं आणि रंग त्याच्याबरोबर दबला, तर तो जिग खडकातही टिकेल.

जुना रंग काढून पुन्हा रंगवता येतो का?

लॅकर आणि नेलपॉलिश अ‍ॅसिटोनमध्ये निघतात. भाजलेली पावडर सहजी निघत नाही, आणि सँडपेपरने कोरडी घासू नका कारण खालचं शिसंही धुळीत येतं. पावडर बहुतांशी शाबूत असेल तर टवक्याची जागा अ‍ॅसिटोनने पुसून, हलकं तापवून, तिथे ब्रशने पावडर टाकून परत भाजा. फारच खराब झाला असेल तर तो जिग बाजूला ठेवा. रंगवलेले जिग शिशाच्या भांड्यात वितळवले की रंग जळून घाणेरडा, घातक धूर होतो. हे उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीशी उभं राहूनही मी करायला सांगणार नाही.

रंग दिल्यावर शिसं निर्धोक होतं का?

हाताला लागणं कमी होतं, एवढंच. पाण्यात हरवलेला जिग पक्ष्याने गिळला तर त्याच्या पोटातल्या खड्यांमध्ये रंग घासला जातो आणि आम्लात शिसं विरघळतं. हंस आणि लून या पक्ष्यांचे मृत्यू याच कारणाने नोंदले गेले आहेत. म्हणूनच ब्रिटनने १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम या पट्ट्यातल्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली, आणि कॅनडाने १९९७ पासून राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलके शिशाचे जिग वापरायला मनाई केली. तुम्ही जिथे मासेमारी करता तिथला नियम आधी बघा. असा नियम असेल तर रंग दिला म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका. त्या ठिकाणी कथिल, बिस्मथ किंवा टंगस्टन वापरा. आणि जिग दातांनी धरायची सवय असेल तर ती रंगवलेल्या जिगबाबतही सोडा.

उरलेली पावडर किती दिवस चालते?

कोरडी आणि थंड ठेवलीत तर बरीच वर्षं. झाकण घट्ट लावा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. गुठळ्या झाल्या तर बारीक चाळणीने चाळून घ्या. चाळूनही गुठळ्या फुटत नसतील तर ती उष्णतेने आधीच अर्धी जुळून गेली आहे, टाकून द्या. ओव्हनच्या शेजारच्या फळीवर डबे ठेवू नका. प्रत्येक रंगाचा डबा वेगळा आणि त्याचा ब्रशही वेगळा ठेवा, कारण पांढऱ्यात चिमूटभर काळी पडली तर ती वितळून मिसळत नाही. प्रत्येक पांढऱ्या जिगवर काळे ठिपके येत राहतात.